अंगठी बोटात की बोटावर?

इंग्रजीतले अवघड शब्द कोणते, असे विचारले तर बहुतेक जण जीभ अडखळेल असे लांबलचक शब्द सांगतील. मराठी माध्यमाच्या मुलांना तीस वर्षे इंग्रजी शिकवल्यानंतर माझे उत्तर मात्र वेगळे आहे. ‘इन’, ‘ऑन’ आणि ‘ॲट’ हे ते तीन शब्द! दिसायला एवढेसे, पण पदवीधरांनाही ते आयुष्यभर चकवत राहतात.

आपल्याला शाळेत तीन सोपी समीकरणे मिळालेली असतात. आत म्हणजे ‘इन’, वर म्हणजे ‘ऑन’ आणि उरलेसुरले सारे ‘ॲट’. वही दप्तरात आणि पेला टेबलावर असेपर्यंत ही समीकरणे इमानेइतबारे चालतात. खरी पंचाईत होते ती घरातल्या माणसांकडे वळल्यावर. आपल्याकडे अंगठी बोटात, बांगड्या हातात, चप्पल पायात. इंग्रजीत हे सगळे ‘ऑन’! अंगठी ‘इन द फिंगर’ म्हटली की इंग्रजाला ती बोटाच्या मांसात रुतल्यासारखी वाटते. उलट आपण सहज म्हणतो, ‘आम्ही टेबलावर जेवतो.’ हेच ‘ऑन द टेबल’ म्हणून सांगितले, तर सारे कुटुंब मांडी घालून टेबलावर चढल्याचे चित्र उभे राहते. तिथे हवे ‘ॲट द टेबल’.

झाडाचेच पाहा. मराठीत आंबे झाडाला लागतात आणि कावळा झाडावर बसतो. इंग्रजीत आंबे ‘ऑन द ट्री’. पण कावळा ‘इन द ट्री’. कारण फळ फांदीला जोडलेले आहे, तर पक्षी पानाफांद्यांच्या पसाऱ्यात आहे. झाड एकच, कावळाही तोच. दोन भाषांनी त्याच्याकडे दोन खिडक्यांतून पाहिले, इतकेच.

हा इंग्रजीचा लहरीपणा आहे का? तसे मुळीच नाही. जागा सगळ्यांना सारखीच दिसते, पण तिचे वाटे प्रत्येक भाषा आपल्या पद्धतीने घालते. स्पॅनिशमध्ये ‘आत’ आणि ‘वर’ या दोन्हींसाठी बहुधा ‘एन’ हा एकच शब्द पुरतो. कोरियन भाषेत एखादी वस्तू दुसरीत घट्ट बसवण्यासाठी वेगळे क्रियापद आहे; बोटात अंगठी घालणे आणि डबीत कॅसेट बसवणे या दोन्हींना ते चालते. सुंजा चोई आणि मेलिसा बाउरमन या अभ्यासकांनी १९९१ साली दाखवून दिले, की अगदी लहान वयात, बोलायला लागल्यापासूनच मुले आपापल्या भाषेचे हे वाटे उचलतात. पुढे २००४ साली हेस्पोस आणि स्पेल्के यांना असे आढळले, की इंग्रजी बोलणाऱ्या घरांतल्या पाच महिन्यांच्या बाळांनाही घट्ट आणि सैल यांतला हा ‘कोरियन’ भेद जाणवतो. म्हणजे भेद ओळखण्याची शक्ती उपजतच असते. त्यातले कोणते भेद रोज बोलून दाखवायचे, हे मातृभाषा ठरवते.

मग इंग्रजीचे वाटे कसे? ‘ॲट’ म्हणजे नकाशावर टेकवलेले पेन्सिलीचे टोक. ‘ऑन’ म्हणजे पृष्ठभागाचा किंवा रेषेचा स्पर्श. तो वरूनच हवा असे नाही. छताला चिकटलेली पालही ‘ऑन द सीलिंग’च असते. ‘इन’ म्हणजे चहूबाजूंनी वेढलेली जागा. गाडी ‘ॲट मनमाड’ थांबते, कारण प्रवासाच्या दृष्टीने मनमाड हा वाटेवरचा एक ठिपका. पण तिथे राहणारा माणूस ‘इन मनमाड’ राहतो. खोलीचा कोपरा आपल्याला वेढतो म्हणून ‘इन’, रस्त्याचा कोपरा ही भेटीची खूण म्हणून ‘ॲट’. जिथे उभे राहून चालता येते ती बस, आगगाडी, विमान ‘ऑन’. जिथे अंग चोरून बसावे लागते ती मोटार, रिक्षा ‘इन’.

गंमत अशी, की ‘ॲट’ची जाण आपल्याला घरातच मिळालेली असते. ‘आई घरी आहे’ आणि ‘आई घरात आहे’ यांतला फरक कोणत्याही मराठी मुलाला कळतो. पहिले ‘ॲट होम’, दुसरे ‘इन द हाउस’. सप्तमीचे त, ई, आ हे प्रत्यय घोकताना यातला ‘ई’ इंग्रजीची वाट सोपी करतो, हे आपण मुलांना सांगतच नाही. दारापाशी, नळावर, स्टेशनवर या शब्दांतही तोच ‘ॲट’ दडलेला आहे.

हे सारे व्याकरणाच्या एका गुणापुरते असते, तर सोडून देता आले असते. माझी एक विद्यार्थिनी परिचारिकेच्या जागेसाठी मुलाखतीला गेली. घरातली पहिलीच शिकलेली मुलगी. हाताला सूज येत असेल तर प्रथम काय कराल, असा प्रश्न आला. बोटातली अंगठी आधी काढायची, हे तिला पक्के ठाऊक होते. ती ‘द रिंग इन द फिंगर’ म्हणाली आणि समोरचे गृहस्थ हसून म्हणाले, ‘मग शस्त्रक्रियाच करावी लागेल!’ पुढच्या एकाही प्रश्नाला तिच्या तोंडून शब्द फुटला नाही. उत्तर बरोबर होते, चुकले होते एवढेसे अव्यय. तेवढ्यावर तिच्या ज्ञानाचे मोल ठरले.

हसणाऱ्यांनी एक ध्यानात घ्यावे. इंग्रजीच्या मालकांचेही या शब्दांवर एकमत नाही. ज्या रस्त्यावर आपले घर आहे, त्यासाठी ब्रिटिश माणूस ‘इन’ म्हणतो, तर अमेरिकन ‘ऑन’. रविवारची सुट्टी एकाची ‘ॲट द वीकएंड’ असते, दुसऱ्याची ‘ऑन द वीकएंड’. त्यांचे ते वैविध्य आणि आमचे ते अज्ञान, हा कुठला न्याय?

महाराष्ट्रात २००० सालापासून पहिलीपासूनच इंग्रजी आले. वर्षे वाढली, पण रिकाम्या जागा भरण्याची रीत फारशी बदलली नाही. माझा आग्रह एवढाच, की हे शब्द पाठ करून घेण्याऐवजी दाखवावेत. आज दुपारी मुलांना जवळ घ्या आणि घरातल्याच वस्तूंवर खेळ मांडा. भिंतीला घड्याळ, पायात मोजे, दारात पाहुणे, उन्हात पापड. मराठीत काय म्हणतो, इंग्रजीत काय, आणि का? मराठी बाजूला सारून इंग्रजी येते, हा समज यातून आपोआप गळून पडेल. आपल्या भाषेची खिडकी उघडी ठेवूनच मुलाला दुसरी उघडायला शिकवावी; मग घरात उजेडही वाढतो आणि मूल बोलायला भीतही नाही.