'चुकुपान' : जावातील एका खेड्याचा हिशेब

इंडोनेशिया म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे बोरोबुदुरचा स्तूप, बालीची नृत्ये आणि फार तर १९५५ ची बांडुंग परिषद उभी राहते. त्या देशातील शेतकरी काय पिकवतो आणि त्याला किती जमीन पुरते, हा विषय आपल्या अभ्यासक्रमात सहसा येत नाही. वस्तुतः शेती आणि लोकसंख्या यांच्या नात्याचा विचार करणाऱ्याला जावा बेटावरील खेड्याइतके बोलके उदाहरण शोधूनही मिळणे कठीण. अशाच एका खेड्याची ओळख येथे करून द्यावयाची आहे. गावाचे नाव श्रीहार्जो.

हे गाव योग्याकार्ता शहराच्या दक्षिणेस, बांतुल जिल्ह्यातील इमोगिरी भागात आहे. इमोगिरीच्या टेकडीवर मातारामच्या सुलतानांच्या कबरी आहेत आणि प्रवासी येतात ते प्रामुख्याने त्या पाहावयास. श्रीहार्जोचे नाव बाहेर माहीत झाले ते दोन संशोधकांमुळे. मास्री सिंगारिंबुन हे सुमात्रातील कारो समाजात जन्मलेले मानववंशशास्त्रज्ञ आणि डेव्हिड पेनी हे ऑस्ट्रेलियन कृषि-अर्थशास्त्रज्ञ. या दोघांनी १९७० च्या सुमारास येथील घरोघरचा जमाखर्च तपासला आणि १९७३ साली त्यावरील अहवाल प्रसिद्ध केला.

गावाच्या एका अंगाला सखल भातखाचरे, दुसऱ्या अंगाला कोरड्या टेकड्या आणि कडेने वाहणारी ओयो नदी. पाण्याखालच्या भातशेतीला तेथे 'सावाह' म्हणतात, तर घराभोवतीच्या बागेला 'पेकारांगान'. या पेकारांगानला परसबाग म्हटले तर आपला गैरसमज होईल. आपल्या परसात दोन केळी, एक शेवगा आणि तुळस असते. तेथे माड, फणस, केळी, बांबू, कसावा, आले-हळद आणि भाज्या अशी थरावर थर चढवलेली लागवड असते. भात वर्षातून एकदोनदा येते. बाग मात्र रोज काही ना काही देते. ज्याच्याकडे खाचर नाही, त्याची सारी भिस्त या बागेवर.

या अभ्यासातील मला सर्वात मोलाची वाटते ती गोष्ट म्हणजे एक शब्द : 'चुकुपान'. 'चुकुप' म्हणजे पुरे. चुकुपान म्हणजे पुरेसे असण्याची स्थिती. श्रीमंती नव्हे, चैन नव्हे. वर्षभर पोटाला भात, अंगावर कपडा आणि शेजाऱ्याच्या घरी कार्य निघाले तर मान खाली न घालता जाता येणे. आपण दारिद्र्याची रेषा दिल्लीच्या कचेरीत बसून आखतो. येथे संशोधकांनी गावकऱ्यांचे माप घेतले. एका कुटुंबाच्या चुकुपानसाठी ०.७ हेक्टर सावाह आणि ०.३ हेक्टर पेकारांगान हवे, असा हिशेब निघाला. आपल्या मापात सुमारे ६९ गुंठे खाचर आणि ३० गुंठे बाग. म्हणजे सारी मिळून अडीच एकरांच्या आत-बाहेर. अपेक्षा किती माफक! आणि तरीही एवढी जमीन असलेली घरे गावात फार थोडी होती.

मग उरलेली जगत कशी होती? एक उदाहरण गुळाचे घेऊ. माडावर सकाळ-संध्याकाळ चढावयाचे, पोय छाटून बांबूच्या नळकांड्यात रस गोळा करावयाचा आणि तो घरी आणावयाचा. तेथून पुढचे काम बाईचे. सरपण घालून तासन्‌तास रस आटवावयाचा आणि करवंटीत ओतून ढेपा पाडावयाच्या. झाड दुसऱ्याचे असले तर उत्पन्नात त्याचा वाटा. तासाच्या हिशेबाने पाहिले तर या धंद्यात हाती फारच थोडे पडे. पण दुसरे काम नसलेल्या माणसाला तासाचा हिशेब परवडत नाही. गूळ विकावयाचा तो बाजारात, आणि बाजार भरतो पाच दिवसांच्या जावानी आठवड्याप्रमाणे : लेगी, पाहिंग, पोन, वागे, क्लिवोन.

एवढ्या अपुऱ्या जमिनीत माणसे एवढी कशी, हा प्रश्न साहजिकच उठला. पेनी आणि सिंगारिंबुन यांचा रोख लोकसंख्यावाढीवर होता. याच सुमारास बेंजामिन व्हाइट हे संशोधक योग्याकार्ता प्रदेशातीलच दुसऱ्या एका खेड्यात राहून, कोण किती तास राबते याची नोंद करीत होते. घरकाम धरून तेथील स्त्रिया दिवसाला सरासरी अकरा तासांहून अधिक आणि पुरुष नऊ तासांहून थोडे कमी राबत. मुलेही लहानपणापासून गवत कापत, बकऱ्या राखत, धाकट्या भावंडांना सांभाळत. व्हाइट यांचे म्हणणे असे, की गरीब आईबापांच्या दृष्टीने मूल हे केवळ खाणारे तोंड नसून काम करणारे हातही आहेत. मला हा युक्तिवाद पटतो. गरिबाला अडाणी ठरविणे सोपे असते, त्याचे गणित समजून घेणे अवघड. पुढे १९७० नंतर सरकारी कुटुंबनियोजनाचा कार्यक्रम जोरात चालला, मुले शाळेत जाऊ लागली आणि जननदर झपाट्याने खाली आला. मुलांच्या हातांचा उपयोग बदलला, तसे गणितही बदलले, असेच म्हणावे लागेल.

आता कापणीकडे वळू. जुन्या जावात भात विळ्याने कापीत नसत. 'आनी-आनी' नावाचे लहानसे पाते तळहातात लपवून बायका एकेक लोंबी खुडीत. धान्यदेवता देवी श्री हिला भय वाटू नये म्हणून, असे सांगत. (ही श्री आपलीच, भारतातून समुद्रापार गेलेली.) कापणीला येईल त्या बाईला घ्यावयाचे आणि तिने खुडलेल्या भाताचा ठराविक हिस्सा तिला द्यावयाचा, अशी रीत होती. या हिश्शाला 'बावोन' म्हणत. आपल्या खळ्यावरच्या बलुत्याची आठवण व्हावी असाच हा प्रकार. फक्त येथे कापणारणींचा थवाच्या थवा शेतात उतरे. क्लिफर्ड गीर्ट्झ यांनी १९६३ च्या ग्रंथात 'वाटून घेतलेले दारिद्र्य' म्हटले ते यालाच. त्यांचे चित्र थोडे गोडच आहे, कारण वाटून घेतले तरी मालक मालकच राहत असे आणि भूमिहीन हे जावात एकोणिसाव्या शतकातही होते, हे पुढच्या अभ्यासकांनी दाखविले. पण बावोन होता हे खरे.

तो मोडला कसा, हे पाहण्यासारखे आहे. साठीच्या दशकाच्या अखेरीस आखूड ताटाची, अधिक उत्पन्नाची बियाणी आली. खत-औषधांसाठी रोख पैसा लागू लागला. मालकाला हिस्सा कमी करावयाचा होता, पण शेजारणीला 'येऊ नको' म्हणण्याची लाज वाटे. त्यातून 'तेबासान' पद्धत पसरली. उभे पीक कापणीपूर्वीच व्यापाऱ्याला विकावयाचे. व्यापारी आपली मोजकी माणसे विळे घेऊन आणणार. रीत मालकाने मोडलीच नाही. ती मोडली परक्याने! याच काळात भाताच्या गिरण्या आल्या आणि लेसुंगमध्ये, म्हणजे लाकडी उखळात, भात कांडून मिळणारी बायकांची मजुरीही गेली. तांदूळ वाढला, १९८४ साली देश तांदळाच्या बाबतीत स्वयंपूर्ण झाला, हेही तितकेच खरे. परंतु त्या आकड्यात कापणारणीचा हिस्सा कोठे दिसत नाही.

श्रीहार्जोच्या बाबतीत आणखी एक गोष्ट सांगावयास हवी. २७ मे २००६ च्या पहाटे झालेल्या भूकंपाचा सर्वाधिक तडाखा बांतुल जिल्ह्याला बसला. त्या आपत्तीत ५,७०० हून अधिक माणसे दगावली. बांबूच्या तट्ट्यांच्या झोपड्या बऱ्याच ठिकाणी तगल्या. कोसळली ती प्रामुख्याने कच्च्या बांधणीची विटांची घरे, म्हणजे थोडी बरकत आल्यावर हौसेने बांधलेली.

आज या भागातील तरुण योग्याकार्ता शहरात बांधकामावर, दुकानांत, कारखान्यांत जातात. शेत हा अनेक घरांचा एकमेव आधार राहिलेला नाही. सुटीच्या दिवशी शहरातील लोक सायकली घेऊन ओयोच्या खोऱ्यात भातखाचरे पाहावयास येतात. तथापि खाचरांचे तुकडे मोठे झालेले नाहीत. अर्ध्या हेक्टरपेक्षा कमी जमीन कसणाऱ्याला इंडोनेशियात 'गुरेम' शेतकरी म्हणतात. गुरेम म्हणजे कोंबडीच्या अंगावरची बारीक ऊ. २०१३ च्या कृषिगणनेत अशी सुमारे १ कोटी ४२ लाख कुटुंबे होती. २०२३ च्या गणनेत ती सुमारे १ कोटी ६९ लाख भरली.