गॅस भरणाऱ्याचा परवाना

एप्रिल उजाडला की एसीवाल्याकडून हमखास ऐकू येतं, "काका, गॅस संपलाय." आपण मान डोलावतो, किती होतील विचारतो, थोडी घासाघीस करतो. तो खिडकीबाहेरच्या ब्रॅकेटवर एक पाय टेकवून गॅस भरतो आणि जातो. पण एसीतला गॅस पेट्रोलसारखा खर्च होत नाही. तांब्याच्या बंद नळीत तेच शीतक वर्षानुवर्षं फिरतं आणि खोलीतली उष्णता बाहेर नेऊन टाकतं. ते कमी झालं असेल तर कुठंतरी गळती आहे. गळती न शोधता वरून गॅस भरला, तर पुढच्या एप्रिलमध्ये तोच माणूस तेच वाक्य घेऊन येणार, आणि त्यात त्याचं काही नुकसान नाही.

रिक्षा चालवायची तर लायसन्सबरोबर बॅज लागतो. औषधाच्या दुकानात नोंदणी असलेला फार्मासिस्ट लागतो. एसी उघडून त्यातला दाबाखालचा गॅस हाताळायला आपल्याकडे काय लागतं? पाना, गेज आणि एक सिलिंडर. हे काम करणाऱ्याकडे शीतक हाताळण्याचा परवाना असलाच पाहिजे, अशी देशभर लागू असलेली सक्ती नाही.

'परवान्याचं काय एवढं, हात बसला की झालं,' असं म्हणणारे या धंद्यात पुष्कळ भेटतात. त्यांचं निम्मं खरं आहे. हात बसावाच लागतो. पण हात कशावर बसला, हेही पाहावं लागतं. नवा स्प्लिट एसी नीट बसवायचा तर इनडोअर आणि आउटडोअर जोडणाऱ्या तांब्याच्या पाइपांची टोकं फ्लेअर करून, म्हणजे बाहेरच्या बाजूला पसरवून, नट ठरावीक जोराने आवळायचे. मग पाइपांत कोरडा नायट्रोजन दाबाने भरायचा, सांध्यांना साबणाचं पाणी लावायचं आणि बुडबुडे येतात का ते बघत थांबायचं. नायट्रोजन सोडून दिला की व्हॅक्यूम पंप लावायचा. मायक्रॉन गेजचा आकडा ५०० च्या खाली गेला पाहिजे आणि पंप बंद केल्यावर तिथंच टिकला पाहिजे. आकडा वर चढू लागला तर आत ओलावा आहे किंवा सांधा गळतोय. त्यानंतर आउटडोअरचे व्हॉल्व्ह उघडायचे. पाइप जास्त लांब असेल किंवा दुरुस्तीनंतर गॅस नव्याने भरायचा असेल, तर तो वजनकाट्यावर मोजून, कंपनीने ठरवून दिलेल्या ग्रॅमइतकाच भरायचा.

एप्रिलच्या गर्दीत यातलं काय उरतं? पंप गाडीतच राहतो. आउटडोअरचा व्हॉल्व्ह किंचित उघडून यंत्रातल्याच गॅसच्या झोताने पाइपांतली हवा बाहेर हुसकून लावायची, याला कारागीर 'पर्ज करणं' म्हणतात. दोन मिनिटांत काम होतं. पण ओलावा आतच राहतो. नव्या शीतकांबरोबर वापरलं जाणारं कॉम्प्रेसरचं तेल ओलावा पटकन शोषतं, त्यातून आम्ल तयार होतं आणि दोन-तीन उन्हाळ्यांनी कॉम्प्रेसर बसतो. तोवर त्या पर्जचा आणि या बिघाडाचा संबंध कुणाला आठवत नाही. वजनकाटाही क्वचितच दिसतो. गेजचा काटा बघून, पाइपाला हात लावून 'थंड झाला' म्हणायचं. जुन्या आर-२२ शीतकाच्या यंत्रांवर हा अंदाज बराच चालून जायचा. आर-४१०ए हे आर-३२ आणि आर-१२५ यांचं वजनाने निम्मं-निम्मं मिश्रण आहे. ते सिलिंडर उलटा करून, द्रवरूपातच भरायचं असतं, आणि त्याचा दाब आर-२२ च्या दीडपटीहून जास्त असतो. तिथं अंदाज महागात पडतो.

पैशांचं नुकसान एक वेळ सोसता येईल, जिवाचं नाही. गळती तपासायला नायट्रोजनऐवजी ऑक्सिजन वापरण्याची चूक या धंद्यात माणसं मारते. ब्रेझिंगसाठी, म्हणजे तांब्याचे सांधे आचेवर जोडण्यासाठी, ऑक्सिजनचा सिलिंडर हाताशी असतो. नायट्रोजनचा वेगळा आणून चार जिने चढवायचा कंटाळा येतो. कॉम्प्रेसरमधलं तेल आणि दाबाखालचा ऑक्सिजन एकत्र आले की ठिणगीचीही वाट पाहावी लागत नाही. दुसरा प्रकार पंप डाऊनचा. एसी काढताना पातळ पाइपाचा व्हॉल्व्ह बंद करून कॉम्प्रेसर चालवतात, सगळा गॅस आउटडोअरमध्ये गोळा होतो, मग जाड पाइपाचा व्हॉल्व्ह बंद करून यंत्र ताबडतोब थांबवायचं. घाईत पाइप आधीच सैल केला किंवा सांधा गळत असताना यंत्र चालूच ठेवलं, तर कॉम्प्रेसर हवा ओढतो. तेलाचे कण, हवा आणि दाब यांचं मिश्रण डिझेल इंजिनात पेटतं तसं पेट घेतं आणि कॉम्प्रेसरचं कवच फुटतं. बातमीत 'एसीचा स्फोट' एवढंच छापून येतं.

गॅसही आता बदलला आहे. घरगुती नव्या एसींमध्ये आर-३२ सर्रास असतो आणि तो सौम्य ज्वलनशील वर्गात मोडतो. काही यंत्रांत आर-२९० असतो, म्हणजे सरळ प्रोपेन, स्वयंपाकाच्या गॅसमधलाच एक घटक. हवेत त्याचं प्रमाण जेमतेम २ टक्क्यांवर गेलं की तो पेट घेऊ शकतो. बंद खोलीत सांधा सुटलेला, मिस्त्रीच्या हातात ब्रेझिंगचा टॉर्च आणि हेल्परच्या कानामागे विडी, असं चित्र आर-२२ च्या काळात खपून गेलं. आता ते खपणार नाही.

मग आपल्याकडे कागद कोणते आहेत? पहिला आयटीआयचा. रेफ्रिजरेशन अँड एअर कंडिशनिंगचा ट्रेड दोन वर्षांचा, दहावी पास मुलाला मिळतो. राज्यातल्या प्रवेशाचं काम व्यवसाय शिक्षण व प्रशिक्षण संचालनालय बघतं. त्यानंतर १९६१ च्या ॲप्रेंटिस कायद्याखाली कंपनीत उमेदवारी करता येते. माझ्या मते या धंद्यातलं सगळ्यात भक्कम शिक्षण हेच. दुसरा कागद कौशल्य विकास योजनांखालचा: थोड्या मुदतीचे कोर्स, आणि वर्षानुवर्षं काम केलेल्यांसाठी आहे त्या अनुभवाची परीक्षा घेऊन दाखला देण्याची सोय. पत्र्याच्या दुकानात हेल्पर म्हणून चिकटलेला आणि पंधरा वर्षांत मिस्त्री झालेला माणूस आयटीआयच्या बाकावर परत बसणार नाही. त्याच्यासाठी हीच वाट आहे. तिसरा, वायरमनचा परवाना. हा मात्र कायद्याचा आहे: इमारतीतलं विद्युत काम परवानाधारक ठेकेदारामार्फत आणि परमिट असलेल्या माणसाकडूनच व्हावं, असा नियम आहे. म्हणजे एसीसाठी नवी वायर ओढायला परवाना लागतो, त्याच एसीत ज्वलनशील गॅस भरायला लागत नाही.

सरकारला हे ठाऊक नाही असं नाही. मार्च २०१९ मध्ये केंद्राने 'इंडिया कूलिंग ॲक्शन प्लॅन' जाहीर केला. त्यात २०२२-२३ पर्यंत एक लाख दुरुस्ती कारागिरांचं प्रशिक्षण आणि प्रमाणन करण्याचं उद्दिष्ट होतं. त्याच्या मुळाशी आंतरराष्ट्रीय बांधिलकी आहे. ओझोन थराला भोक पाडणाऱ्या वायूंवरचा माँट्रियल करार १९८७ चा. त्यानुसार आर-२२ आपल्याकडे २०३० पर्यंत हद्दपार व्हायचा आहे. पृथ्वी तापवणाऱ्या पुढच्या पिढीच्या वायूंसाठी २०१६ चा किगाली करार आला, भारताने त्याला २०२१ मध्ये मान्यता दिली. एक किलो आर-२२ हवेत गेला, तर शंभर वर्षांच्या हिशेबाने १,८१० किलो कार्बन डायऑक्साइडइतका परिणाम होतो. आर-३२ चा आकडा ६७५ आहे. खिडकीबाहेर पर्ज करताना येणारा तो फस्स आवाज या हिशेबातच बसतो. प्रशिक्षण मात्र अजून ऐच्छिक आहे. दाखला घेतलेल्या आणि न घेतलेल्या माणसाला सिलिंडर एकाच भावात, एकाच काउंटरवर मिळतो.

अमेरिकेची तऱ्हा इथं पाहण्यासारखी आहे, कारण तिथं दोन वेगळे परवाने आहेत आणि त्यांची गल्लत आपल्याकडच्या चर्चेत नेहमी होते. एक राज्याचा, धंदा करण्यासाठीचा. तो राज्यागणिक बदलतो. टेक्ससमध्ये ठेकेदाराचा परवाना हवा तर मागच्या ७२ महिन्यांत ४८ महिने परवानाधारकाच्या हाताखाली काम केल्याचा अनुभव दाखवून परीक्षा द्यावी लागते. ब वर्गाच्या परवान्यावर २५ टनांपर्यंतच्या वातानुकूलनाचं काम घेता येतं, त्याहून मोठ्याला अ वर्ग. न्यूयॉर्क राज्यात मात्र राज्यभर लागू असा परवाना नाही, तो विषय स्थानिक शहरांवर सोडलाय. दुसरा परवाना देशभर सारखा आणि फक्त गॅसचा आहे. हवा शुद्धता कायद्याच्या ६०८ व्या कलमाखाली नोव्हेंबर १९९४ पासून शीतकाचं सर्किट उघडणाऱ्या प्रत्येकाला ही परीक्षा सक्तीची आहे. सामायिक भागाचे २५ प्रश्न, आणि छोटी उपकरणं, जास्त दाबाची यंत्रं, कमी दाबाची यंत्रं यांचे प्रत्येकी २५. ७० टक्के गुण म्हणजे पास. एकदा मिळालेलं कार्ड आयुष्यभर चालतं.

परीक्षा तशी अवघड नाही. आठवडाभर पुस्तक वाचून पास होणारे पुष्कळ असतील, आणि नुसत्या कार्डावर कुणी चांगला मिस्त्री होत नाही. या व्यवस्थेची खरी ताकद दुकानाच्या काउंटरवर आहे. कार्ड नसलेल्याला शीतकाचा सिलिंडर विकायचा नाही, हे बंधन विकणाऱ्यावर आहे. ओझोनला मारक वायूंसाठी ते आधीपासून होतं, २०१८ पासून आर-४१०ए सारख्या वायूंनाही लागू झालं. मोटारीच्या एसीसाठीच्या छोट्या डब्यांना तेवढी सूट आहे. प्रत्येक गच्चीवर इन्स्पेक्टर पाठवणं कुठल्याच सरकारला जमणार नाही. सिलिंडर विकणारी दुकानं मोजकी असतात, तिथं लक्ष ठेवता येतं.

आपल्याकडेही सुरुवात तिथूनच व्हावी असं मला वाटतं. पूर्ण धंद्यालाच परवाना लावला, तर काय होईल हे आपण जाणतो: एजंट, हप्ता आणि नूतनीकरणाच्या रांगा, आणि भरडला जाणार तो पत्र्याच्या दुकानातला मिस्त्री. त्याऐवजी फक्त गॅससाठी, मराठीतून घेतलेली, हाताने काम करून दाखवायची एक दिवसाची परीक्षा आणि एक कार्ड. ज्याचा हात खरंच बसलाय तो यात नापास होणार नाही. फक्त नायट्रोजन आणि ऑक्सिजन यांतला फरक त्याला एकदा तरी मोठ्याने सांगावा लागेल.

परीक्षेला आपला कारागीर बिचकतो, असंही नाही. कोकणातून आखातात एसीच्या कामाला जाणाऱ्या मुलांना विचारा. मुंबईतल्या एजन्सीत आधी ट्रेड टेस्ट होते: पाइप वाकवून दाखव, ब्रेझिंग करून दाखव, बिघाड शोध. पास झाला तर व्हिसा. दुबईच्या टॉवरमधला एसी उघडण्याआधी ज्याची परीक्षा घेतली जाते, त्याच मुलाला दादरच्या तिसऱ्या मजल्यावर कुणी काही विचारत नाही.

कायदा येईल तेव्हा येईल. या एप्रिलला दारात येणाऱ्याला चार गोष्टी विचारायला हरकत नाही. दादा, गळती कुठं सापडली? व्हॅक्यूम पंप आणलाय का? वजनकाटा? आणि बिलावर गॅसचं नाव आणि ग्रॅम लिहून द्याल ना? पहिल्या प्रश्नावर तो साबणाचं पाणी घेऊन आउटडोअरकडे वळला, तर दोन पैसे जास्त मागितले तरी द्यावेत. 'लीकेज वगैरे काही नाही, नुसता गॅस कमी झालाय,' म्हणाला, तर चहा पाजून परत पाठवावा.