पृथ्वीवर कुणी राहतं का?

मुलांनो, पृथ्वीवर जीवसृष्टी आहे का, असं कुणी विचारलं तर तुम्ही हसाल. पण १९९० साली काही शास्त्रज्ञांनी हाच प्रश्न अगदी गंभीरपणे विचारला होता, आणि उत्तर शोधायला चक्क एक अंतराळयान वापरलं होतं!

त्याचं झालं असं. नासाचं ‘गॅलिलिओ’ नावाचं यान गुरू ग्रहाकडे निघालं होतं. गुरू पडला खूप लांब, आणि थेट तिथवर जायला लागणारा वेग या यानाला मिळालेला नव्हता. मग शास्त्रज्ञांनी लांबचा रस्ता निवडला. ग्रहाच्या जवळून नेमक्या वाटेनं गेलं, की त्याच्या गुरुत्वाकर्षणामुळे यानाचा वेग वाढतो. म्हणून गॅलिलिओ आधी शुक्राजवळून जाणार होतं आणि मग दोनदा पृथ्वीजवळून. त्यातली पहिली भेट ठरली ८ डिसेंबर १९९० रोजी, पृथ्वीपासून जेमतेम ९६० किलोमीटरवर.

तेव्हा कार्ल सेगन या खगोलशास्त्रज्ञांना आणि त्यांच्या सहकाऱ्यांना वाटलं, की यानावर दूरचे ग्रह तपासायची इतकी उपकरणं आहेतच, तर ती पृथ्वीकडे वळवून पाहू या. आपल्याला पृथ्वीबद्दल काहीही ठाऊक नाही असं समजायचं. यान जेवढं दाखवेल तेवढंच खरं. सापडतील का इथले जीव?

मला ही कल्पना फार आवडते. परक्या ग्रहावर जीव सापडले नाहीत, तर त्याचे दोन अर्थ निघतात. एक तर तिथे कुणी नाही, किंवा आपली शोधायची रीतच कच्ची आहे. या दोहोंतलं खरं कुठलं? पृथ्वीवर जीव आहेत हे आपल्याला पक्कं माहीत आहे. मग रीत तपासायला याहून चांगली जागा कुठे मिळणार!

आता फोटो पाहिले, की लगेच शहरं, रस्ते, धरणं दिसली असतील असं तुम्हाला वाटेल. तसं काहीच झालं नाही. यानानं ऑस्ट्रेलिया आणि अंटार्क्टिकाचे सुंदर फोटो काढले, पण त्यांतली बारीकातली बारीक खूणसुद्धा एखाद-दोन किलोमीटरची. माणसाच्या हातचं म्हणावं असं त्यांत काही ओळखू येईना. हत्ती, देवमासे, वडाची झाडं यांची तर बातच नको. मग जीव ओळखायचे कसे?

पहिली खूण मिळाली रंगात. पृथ्वीच्या जमिनीवरून परत येणारा सूर्यप्रकाश यानानं तपासला. त्यातला लाल रंग काही भागांत फार कमी होता. काहीतरी तो गट्ट करत होतं! आणि लाल रंगाच्या पलीकडचा, आपल्या डोळ्यांना न दिसणारा अवरक्त प्रकाश मात्र त्याच भागांतून भरपूर परत येत होता. माहीत असलेल्या कुठल्याच खडकाला किंवा मातीला अशी सवय नाही. ती सवय आहे पानांतल्या हरितद्रव्याची आणि पानांच्या रचनेची. पानं लाल प्रकाश अन्न तयार करायला वापरतात आणि अवरक्त प्रकाश परत फेकतात. भारताचे उपग्रह शेतातलं पीक जोमदार आहे की वाळत चाललंय, हे आकाशातून ओळखतात ना, ते याच खुणेवरून.

पण माझ्या मते खरी गंमत आहे ती हवेत. गॅलिलिओला पृथ्वीच्या हवेत भरपूर ऑक्सिजन दिसला, आणि त्याच हवेत थोडासा मिथेनही. थोडासा म्हणजे किती? हवेच्या दहा लाख भागांत दोन भागसुद्धा नाही. इतक्याशा मिथेननं शास्त्रज्ञ इतके का खूष झाले?

कारण ऑक्सिजन आणि मिथेन हे एकत्र टिकणारे वायू नाहीत. तुम्ही गोबरगॅसची शेगडी पाहिली असेल. टाकीत शेण कुजतं, तिथले सूक्ष्मजीव मिथेन तयार करतात, आणि शेगडीत तो हवेतल्या ऑक्सिजनबरोबर जळतो. उरतं काय, तर कार्बन डायऑक्साइड आणि पाण्याची वाफ. मोकळ्या हवेतसुद्धा शेवटी हेच होतं, फक्त ज्योतीशिवाय, सूर्यप्रकाशाच्या मदतीनं आणि सावकाश. हवेत सोडलेला मिथेन साधारण दहा वर्षांत संपतो. पृथ्वीचं वय आहे साडेचार अब्ज वर्षं. म्हणजे इथला मिथेन केव्हाच संपून जायला हवा होता!

समजा, अंगणात एक बादली आहे. तिच्या बुडाला भोक आहे, पाणी सतत गळतंय, आणि तरी तुम्ही केव्हाही पाहिलं तरी ती काठोकाठ भरलेली. तुम्ही काय म्हणाल? कुणीतरी पाणी ओततंय! ओतणारा दिसला नाही, तरी तो आहे हे नक्की.

पृथ्वीवर मिथेन ओतणारे कोण? दलदलीत, कोकणातल्या पाणी साचलेल्या भातखाचरांत, गाईम्हशींच्या पोटात राहणारे सूक्ष्मजीव. गाईच्या पोटातला मिथेन बाहेर येतो तो बहुतेक ढेकरांतून! आता ज्वालामुखी आणि काही खडकसुद्धा थोडा मिथेन सोडतात. पण एवढ्या ऑक्सिजनच्या हवेत तो इतका टिकून राहावा, असा पुरवठा त्यांना जमणारा नाही. ऑक्सिजनचंही तसंच. लोखंड गंजतं, खडक झिजतात, त्यात तो खर्च होत राहतो. झाडं आणि समुद्रातलं बारीक शेवाळ तो पुन्हा भरून काढतात.

शेजारच्या मंगळावर आणि शुक्रावर पाहा. दोघांच्याही हवेत ९५ टक्क्यांहून जास्त कार्बन डायऑक्साइड आहे. जे वायू एकमेकांत मिसळून संपायचे ते संपले, आणि हवा स्वस्थ बसली. आपली हवा मात्र कधी स्वस्थ बसतच नाही, कारण आपण सगळे जीव तिला बसू देत नाही. जीव शोधायचे तर ग्रहाची हवा तपासा, हा विचार जेम्स लव्हलॉक या ब्रिटिश शास्त्रज्ञानं १९६०च्या दशकातच मांडला होता. गॅलिलिओनं तो पडताळून दाखवला.

या यानाला रेडिओलहरीही ऐकू आल्या. विजा चमकतात तेव्हाही रेडिओलहरी निघतात, पण त्या खूप साऱ्या कंपनसंख्यांवर पसरलेल्या असतात. या लहरी अगदी अरुंद पट्ट्यात होत्या आणि ठोक्याठोक्यानं येत होत्या. अशा लहरी मुद्दाम तयार कराव्या लागतात. इथे यंत्रं बनवणारं कुणीतरी राहतं, हे सांगणारी खूण ही एवढीच! पुढे १९९२ मध्ये यान पुन्हा पृथ्वीजवळ आलं तेव्हा त्यानं आपल्या चंद्राकडेही पाहिलं. तिथे यातली एकही खूण नव्हती. शोधाची रीत पक्की ठरली.

अगदी पक्की? थांबा. यान तीन अब्ज वर्षं आधी आलं असतं तर? तेव्हाही पृथ्वीवर सूक्ष्मजीव होते. निदान साडेतीन अब्ज वर्षांपासून ते इथे आहेत. पण हवेत ऑक्सिजन साठायला लागला तो सुमारे २.४ अब्ज वर्षांपूर्वी. म्हणजे एक अब्जाहून जास्त वर्षं पृथ्वी जिवंत होती आणि तिच्या हवेत ऑक्सिजन जवळजवळ नव्हताच. पाहुणं यान ‘ऑक्सिजन नाही, इथे कुणी नाही’ म्हणून निघून गेलं असतं.

उलटही होऊ शकतं. शनीच्या टायटन या चंद्रावर मिथेन इतका आहे, की तिथे त्याचा पाऊस पडतो आणि तळी साचतात. पण तिथे ऑक्सिजन वायू नाही, त्यामुळे त्या मिथेनवरून कुणी जीव असल्याचं म्हणत नाही. एखाद्या ग्रहावर नुसता ऑक्सिजन सापडला, तरी तो कडक उन्हानं पाण्याची वाफ फुटून आलेला असू शकतो. म्हणून एका वायूवर विसंबायचं नाही. एकत्र टिकू न शकणारी जोडी शोधायची, आणि जीवांशिवाय ती कशी तयार होईल, याच्या सगळ्या वाटा तपासून पाहायच्या.

दुसऱ्या ताऱ्यांभोवतीच्या ग्रहांवर यान पाठवणं आज शक्य नाही. पण ग्रह आपल्या ताऱ्यासमोरून जातो तेव्हा ताऱ्याचा थोडा प्रकाश त्याच्या हवेतून गाळून येतो. प्रत्येक वायू त्यातले आपापले ठरलेले रंग शोषतो. कुठले रंग कमी झाले ते पाहून हवेत काय आहे ते कळतं. जेम्स वेब दुर्बीण हेच काम करते. १२४ प्रकाशवर्षांवरच्या के२-१८बी या ग्रहावर २०२३ मध्ये तिला मिथेन सापडला. एप्रिल २०२५ मध्ये केंब्रिजच्या निक्कू मधुसूदन यांच्या गटानं तिथे डायमिथाइल सल्फाइड असावा असं सुचवलं. आपल्याकडे हा वायू समुद्रातले बारीक जीव सोडतात. पण इतर शास्त्रज्ञांनी तीच निरीक्षणं पुन्हा तपासली आणि पुरावा अपुरा आहे असं म्हटलं. शिवाय हाच पदार्थ एका धूमकेतूवरही सापडला आहे, आणि तिथे काही समुद्र नाही. अशी उलटतपासणी मला फार मोलाची वाटते. एवढा मोठा प्रश्न घाईनं सोडवायचा नसतो.

आणि जीव जर हवेपासून दूर, बर्फाखाली लपलेले असले तर? गुरूचा युरोपा नावाचा चंद्र तसाच आहे. वर बर्फाचं जाड कवच, आणि खाली खारा समुद्र असल्याची भक्कम चिन्हं. त्यात पाणी आपल्या सगळ्या महासागरांच्या दुप्पट असावं, असा अंदाज आहे. ही चिन्हं शोधली कुणी? गॅलिलिओनंच. म्हणून २००३ मध्ये इंधन संपत आलं तेव्हा त्याला मुद्दाम गुरूच्या ढगांत बुडवून नष्ट केलं. चुकून ते युरोपावर आदळलं असतं आणि पृथ्वीवरचे सूक्ष्मजीव तिथे पोचले असते, तर पुढे सापडलेला जीव तिथला की आपल्याकडून गेलेला, हे कसं कळलं असतं?

आता ‘युरोपा क्लिपर’ हे यान तिकडे निघालं आहे. १४ ऑक्टोबर २०२४ रोजी त्याचं उड्डाण झालं. एप्रिल २०३० मध्ये ते गुरूपाशी पोचेल आणि मग जवळजवळ पन्नास वेळा युरोपाच्या अगदी जवळून जाईल. तिथे जीव राहू शकतील का, हे ते तपासणार आहे. २०३० साली तुम्ही कितवीत असाल, ते मोजा बरं. त्यानं पाठवलेल्या माहितीचा अर्थ लावायला पुढे कित्येक वर्षं रसायनशास्त्र जाणणारी, जीवशास्त्र जाणणारी, गणित आवडणारी माणसं लागतील. तुम्हीही या!