डोळे सगळ्यात शेवटी

मातीचा गोळा पहिल्यांदा हातात आला की बहुतेक जण डोळ्यांपासून सुरुवात करतात. काडीने दोन बदामी रेघा ओढल्या, नाक चिकटवलं, ओठ कोरले, की झाला चेहरा. समोरून तो बराही दिसतो. मग फिरता पाट जरा वळवला की कळतं, कपाळ सपाट आहे, कवटीला मागचा भागच नाही आणि डोळे गालांच्या पातळीला आलेत. मातीवर चेहऱ्याचं चित्र उमटलंय, डोकं घडलेलं नाही.

शिल्प म्हणजे बारीक काम, हा समज शिकणाऱ्याचं सगळ्यात जास्त नुकसान करतो. आधी घ्यायचा तो कवटीचा अंडाकृती आकार आणि मानेचा कल. मग कपाळ, गाल, जबडा यांचे मोठे उतार. डोळा तर रेघ नाहीच, खोबणीत बसलेला गोळा आहे. मातीची गोटी करून खोबणीत दाबा आणि दोन पातळ पट्ट्या पापण्या म्हणून तिच्यावरून वळवा. वरची पापणी किंचित पुढे ठेवा. तिची सावली बुबुळावर पडली की चेहऱ्याला नजर येते. पेणच्या कारखान्यांतही गणपतीच्या डोळ्यांची आखणी रंगकामाच्या अखेरीस, कसलेल्या हातानेच होते.

‘ज्याचं चित्र चांगलं त्यालाच शिल्प जमतं’ असं पालक हमखास सांगतात. रेखाटनाचा उपयोग होतो, पण चित्राला एक बाह्यरेषा पुरते आणि मूर्तीला प्रत्येक वळणावर नवी लागते. त्यासाठी मी आल्याचा गड्डा सुचवेन. तो शेजारी ठेवून मातीत तसाच घडवा. दर पाच मिनिटांनी दोन्ही सारखेच वळवून कडा ताडून पाहा. मधूनच डोळे मिटून आधी आलं, मग माती चाचपा. जे नजरेतून निसटलं ते बोटांना लगेच लागतं.

माती चांगली असली की मूर्ती आपोआप उभी राहते, हेही खरं नाही. ओली माती जड असते आणि स्वतःच्या वजनाने खाली बसते. मोठ्या कामाला आतून सळई आणि तारेचा सांगाडा लागतोच. मूर्तीचा तोल आणि हालचाल तिथेच ठरते. हात चुकीच्या जागी बांधला गेला तर वरून कितीही माती लावा, तो सुधारत नाही.

भट्टीत काम फुटलं की दोष हवेच्या बुडबुड्यांना देतात. खरा दोष मातीत उरलेल्या ओलीचा असतो. 100 अंश सेल्सिअसच्या पुढे तिची वाफ होते, वाफेला कितीतरी पट जास्त जागा लागते आणि जाड भाग आतून उडतो. म्हणून भाजायचं डोकं आतून पोकळ करून ते सावकाश, पूर्ण सुकू द्यायचं.

दगडाचं गणित वेगळं. मातीत भर घालता येते, दगडातून फक्त काढता येतं. वेरूळचं कैलास मंदिर, म्हणजे लेणं क्रमांक 16, आठव्या शतकात एकाच खडकातून वरून खाली कोरत आणलं. कळस आधी मोकळा झाला, जोतं नंतर. जिथे हत्ती हवा होता, तिथला दगड त्याच्यासाठी आधीपासून राखून ठेवावा लागला. पुढचं काम आधी मनात पूर्ण उभं असणं म्हणजे काय, हे त्या अंगणात उभं राहून वर पाहिलं की कळतं.

आता संगणकावर सगळं होतं, मग मातीत हात कशाला घालायचे, असं मुलं विचारतात. ब्लेंडर हे त्रिमितीय आकृत्या घडवायचं सॉफ्टवेअर मोफत मिळतं आणि त्यात सुंदर कामं होतात. पण तिथल्या आकृतीला वजन नसतं. एका पायावर झुकलेली नर्तकी पडद्यावर दिमाखात उभी राहते, छापून टेबलावर ठेवली की आडवी होते. गवंड्याचा ओळंबा इथे कामी येतो. एका पायावर भार टाकून स्थिर उभ्या असलेल्या माणसाच्या गळ्याच्या खळगीतून तो सोडला, तर भार घेतलेल्या पायाच्या घोट्यापाशी येतो. पडद्यावरही तशीच एक उभी रेघ ओढून पाहा.