रंगमंचावरचा भारत, वर्गातला भारत

डिसेंबर उजाडला की शाळाशाळांतून वार्षिक स्नेहसंमेलनाची लगबग सुरू होते. ‘विविधतेत एकता’ हे सूत्र बहुतेक ठिकाणी ठरलेलेच. एका वर्गाकडे लेझीम, दुसऱ्याकडे गरबा, तिसऱ्याकडे बिहू; शेवटी सर्व मुले तिरंगा घेऊन रंगमंचावर येतात आणि टाळ्यांनी पटांगण दुमदुमते. हा सोहळा आनंदाचा आहेच. परंतु भाड्याचे पोशाख दुकानात परत गेल्यावर त्या त्या प्रांताविषयी मुलांच्या मनात काय उरते, याचाही विचार पालकांनी करावयास हवा.

काळा घेरदार घागरा घालून नागिणीसारख्या गिरक्या घेणाऱ्या मुलींचे नृत्य आपण ‘राजस्थानी नृत्य’ म्हणून पाहतो. ते कालबेलिया समाजाचे. साप पकडणे व खेळवणे हा त्या समाजाचा परंपरागत व्यवसाय. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर तो मार्ग बंद झाला आणि नृत्य-गायन हेच उपजीविकेचे मुख्य साधन ठरले. २०१० मध्ये युनेस्कोने या कलेची मानवतेच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत नोंद केली. आपल्यापैकी अनेकांचे मूळ गाव मारवाडात असूनही ही हकिकत घरात क्वचितच निघते. ती ऐकून नाचणाऱ्या मुलीला त्या गिरकीमागची माणसे ठाऊक होतात.

महाराष्ट्रातील तारप्याचेही तसेच. पालघर भागातील वारली बांधव वाळलेल्या भोपळ्यापासून व बांबूपासून हे वाद्य तयार करतात. वादक मध्ये असतो आणि नर्तकांची साखळी त्याच्याभोवती फिरते. चित्रकलेच्या तासाला वारली चित्रातले ते गोल वेटोळे मुलांनी कितीदा तरी काढलेले असते. ते याच नृत्याचे, हे मात्र अनेकांना कोणी सांगितलेले नसते.

शासकीय पातळीवरही असे प्रयत्न आहेत. माध्यमिक विद्यार्थ्यांसाठी २०१५ पासून ‘कला उत्सव’ सुरू झाला. ‘एक भारत श्रेष्ठ भारत’ या उपक्रमात महाराष्ट्राची जोडी ओडिशाशी जुळवलेली आहे. त्या निमित्ताने शाळांनी ओडिशाच्या गोटीपुआ नृत्याकडे जरूर पाहावे. त्यात लहान मुलगे मुलींच्या वेषात नाचतात. ओडिसीचे थोर गुरू केलुचरण महापात्र यांची जडणघडण याच परंपरेत झाली. नृत्य हे मुलींचेच काम, असे म्हणून मागच्या रांगेत उभ्या राहणाऱ्या मुलांना ही गोष्ट निश्चित सांगावी.

याहून महत्त्वाची बाब म्हणजे, ज्या कलेचे आपण सादरीकरण करतो ती जपणाऱ्या घरातले मूल कधी कधी त्याच शाळेत शिकत असते. पोशाखाचा खर्च न परवडल्याने ते प्रेक्षकांत बसते आणि आपल्या आजीचे नृत्य दुसऱ्याने केलेले पाहते. अशा मुलाचे नाव सर्वांत आधी पुढे यावयास हवे. त्याच्या आजीला एक तास वर्गात बोलावले, तर नृत्यही नीट बसेल आणि त्या घराचा मानही राहील.

कर्मवीर भाऊराव पाटील हे कुंभोजच्या जैन कुटुंबातले. १९२४ मध्ये साताऱ्यात त्यांनी सुरू केलेल्या वसतिगृहात निरनिराळ्या जातींची मुले एकत्र राहत, एकाच पंगतीत जेवत. त्या मुलांना विविधतेचा परिचय रोजच्या जगण्यातून झाला. स्नेहसंमेलनाची तयारीही अशी सहवासाची संधी ठरू शकते.

आपली अनेक कुटुंबे शाळांच्या समित्यांवर आहेत. संमेलनासाठी सढळ हाताने देणगीही देतात. घरी मारवाडी, गुजराती वा कच्छी आणि दारी मराठी बोलत वाढलेल्या आपल्या मुलांना दोन संस्कृतींत वावरण्याचे मोल निराळे शिकवावे लागत नाही. तेव्हा यंदा देणगी देताना तिचा काही भाग कमानी व रोषणाईऐवजी दोन गोष्टींसाठी राखून ठेवण्याचा आग्रह धरावा: एखाद्या लोककलावंताचे मानधन व प्रवासखर्च, आणि ज्या मुलांना पोशाख परवडत नाही त्यांचे पोशाख. रक्कम फार मोठी लागणार नाही. मात्र ती देणाऱ्याच्या नावाची पाटी कोठेही लावू नये, म्हणजे घेणाऱ्या मुलालाही संकोच वाटणार नाही.