हाताच्या पुढे धावणारा डोळा

परीक्षक पियानोवर एक कागद ठेवतात. त्यावरचे सूर समोरच्या मुलीने कधीच ऐकलेले नसतात. पाहायला अर्धं मिनिट मिळतं, त्यात हवं तर एखादा तुकडा वाजवून बघता येतो. मग थेट वाजवायचं. लंडनच्या एबीआरएसएम मंडळाच्या प्रात्यक्षिक परीक्षेत १५० पैकी २१ गुण या साइट-रीडिंगचे असतात, आणि सगळ्यात जास्त धास्तीही याचीच.

मुंबईतल्या काळाचौकीच्या मुलांची धास्ती मला समजते. इथे संगीत कानावाटे येतं. गणपती जवळ आले की लालबाग-काळाचौकीत बेंजो पार्ट्यांच्या तालमी रंगतात. नवं गाणं चार वेळा ऐकलं की ते बेंजोवाल्याच्या बोटांत उतरतं, समोर कागद लागत नाही. भातखंडे आणि पलुसकरांनी आपल्याला स्वरलिपी दिली खरी, पण ती मुख्यतः शिकलेली बंदिश जपून ठेवण्यासाठी. कधीच न ऐकलेलं नुसतं पाहून वाजवायचं, हे प्रकरण वेगळं.

त्या वेळी डोक्यात काय चालतं? जॉन स्लोबोडा या मानसशास्त्रज्ञाने १९७४ साली याचा छडा लावणारा प्रयोग प्रसिद्ध केला. वादक वाजवत असतानाच समोरचं नोटेशन त्याने एकदम दिसेनासं केलं. हात थांबले नाहीत! तयार वादक पुढचे सहा-सात स्वर बिनचूक वाजवत राहिले, कच्चे तीन-चार स्वरांत अडकले. म्हणजे आपल्याला जो स्वर ऐकू येतो, तो वादकाच्या डोळ्यांनी केव्हाच मागे टाकलेला असतो. याहून थक्क करणारी गोष्ट अशी की सुरावटीचा तुकडा जिथे पुरा होतो, त्या जागेपर्यंत ही झेप कधी लांबायची, कधी आखडायची. डोळा सुटे स्वर वेचत नव्हता, अख्खी ओळ उचलत होता.

दोन वर्षांनी त्यानेच फारशा माहीत नसलेल्या रचनांमध्ये मुद्दाम चुकीचे स्वर पेरले. पियानोवादकांनी त्यांतले कितीतरी नकळत दुरुस्त करूनच वाजवले! कागदावर चूक दिसत होती, पण इथे कोणता स्वर यायला हवा हे कानाने आधीच ठरवलं होतं. मला वाटतं, बेंजोच्या तालमी ऐकत वाढलेल्या मुलांची अर्धी तयारी इथेच झालेली असते. त्यांना फक्त चिन्हं ओळखीची करून घ्यायची आहेत.

कान आणि कागद हे दोन्ही एकत्र आले की काय घडतं, याची साक्ष काळाचौकीपासून जवळच, परळला आहे. चित्रपट दिग्दर्शक व्ही. शांतारामबापूंच्या राजकमल स्टुडिओत चित्रपटांचं पार्श्वसंगीत मुद्रित व्हायचं. त्या काळच्या मुंबईच्या वाद्यवृंदांत गोव्याचे वादक मोठ्या संख्येने होते. गावच्या चर्चच्या शाळेत लहानपणीच सोल्फा (स्वरांची नावं घेत गाणं) आणि व्हायोलिन शिकून आलेले हे लोक समोर ठेवलेला कागद तिथल्या तिथे वाजवायचे. संगीतकार चाल गाऊन दाखवणार, सेबॅस्टियन डिसोझांसारखे संयोजक ती स्वरलिपीत मांडणार आणि वादक वाचणार. कानाने जन्मलेली चाल डोळ्यांवाटे पुन्हा कानापर्यंत जायची.

परीक्षेची तयारीही याच रस्त्याने करावी. मिळालेल्या अर्ध्या मिनिटात आधी पट्टी आणि ताल पाहावा, मग सगळ्यात अवघड बार, म्हणजे दोन उभ्या रेघांमधला खण. लय त्या बारला झेपेल इतकी संथ धरावी. ओळ मनात गुणगुणावी. सुरू केल्यावर चूक झाली तरी मागे वळू नये. निसटलेला स्वर एकटा जातो, तुटलेली लय पुढचं सगळं घेऊन जाते. रोज नवा कागद हवा, कारण दुसऱ्यांदा वाजवलं की ते साइट-रीडिंग उरत नाही. आणि एक जुनी युक्ती आहे: वाजत असलेला बार पोस्टकार्डाने झाकत जायचा, म्हणजे डोळ्यांना पुढे सरकावंच लागतं. कार्ड सरकवायला संगीत येणारं माणूस लागत नाही. ठेका धरता येणारी आजी असली तरी पुरे.