पित्ताची गोळी रोज घेताय? मासे खाऊन गांधी उठत असतील तर हे वाचाच

आपल्याकडं 'पित्त' हा एकच शब्द दोन दुखण्यांना चालतो. छातीत जळजळलं तरी पित्त आणि अंगावर लाल गांधी उठल्या तरी पित्तच. त्यामुळं गांधी उठल्या की माणूस मेडिकलमधून ॲसिडिटीची गोळी आणतो. खरं तर ही दोन वेगळी दुखणी आहेत. खाल्ल्यावर उठणाऱ्या गांधी बहुतेक वेळा ॲलर्जीच्या असतात, त्यांचा जळजळीशी संबंध नसतो.

आमच्या मेव्हण्यांना मासे खाल्ले की ओठाला खाज सुटायची, दोन-चार गांधी उठायच्या, तेवढंच. गेल्या पावसाळ्यात जळजळीसाठी महिनाभर रोज उपाशीपोटी पॅन्टोप्राझोल चालू होती. बाजाराच्या दिवशी कटल्याचं कालवण खाल्लं आणि अर्ध्या तासात तोंड सुजलं, आवाज बसला, श्वास घेता येईना. जीपमध्ये घालून तालुक्याला नेलं. मांडीत ॲड्रेनॅलिनचं इंजेक्शन दिल्यावर जीव भांड्यात पडला. शुद्धीवर आल्यावर डॉक्टरांनी विचारलं, "रोज कोणती गोळी खाता?" गोळीमुळंच झालं असं ते म्हणाले नाहीत, पण तशी शक्यता आहे म्हणाले.

ती कशी, ते बघू. ॲलर्जी होते ती अन्नातल्या प्रथिनांची. जठरात तीव्र आम्ल असतं आणि पेप्सिन नावाचा पाचक रस असतो. हे पेप्सिन प्रथिनांचे बारीक तुकडे करतं. तुकडे झाले की शरीराला ते प्रथिन सहसा ओळखू येत नाही. पण पेप्सिनला तीव्र आम्ल लागतं. गोळीनं आम्ल कमी झालं की त्याची अवस्था बोथट कोयत्यासारखी होते. मग माशाचं प्रथिन बरंचसं अख्खंच आतड्यात उतरतं, थोडं रक्तात जातं आणि ॲलर्जी असलेल्याचं शरीर त्यावर तुटून पडतं.

ऑस्ट्रियातल्या व्हिएन्नाच्या संशोधकांनी यावर बरंच काम केलंय. 2005 साली त्यांनी पोटाच्या तक्रारींसाठी 3 महिने आम्ल कमी करणारी औषधं घेतलेल्या 152 रुग्णांचं रक्त तपासलं. जवळपास चौथाई जणांत अन्नाविरुद्धची ॲलर्जीची प्रतिपिंडं नव्यानं तयार झाली होती किंवा आधीची वाढली होती. प्रतिपिंडं दिसली म्हणजे प्रत्येकाला त्रास होतोच असं नाही, हेही खरं.

सगळ्याच पदार्थांना हा नियम लागू नाही. शेंगदाण्यातली काही प्रथिनं इतकी चिवट की चांगल्या आम्लालाही दाद देत नाहीत. म्हणून शेंगदाण्याची ॲलर्जी असेल तर गोळी असो-नसो, कूट घातलेली भाजीसुद्धा नको. उलट काही फळांची प्रथिनं पोटात लगेच मोडतात, म्हणून नुसती तोंडाला खाज येऊन थांबते.

आणखी एक, आपल्या शेतकऱ्यांच्या कामाचं. ॲलर्जीचा पदार्थ खाऊन लगेच अंगमेहनत, दारू किंवा अंगदुखीची गोळी झाली, तर त्रास जास्त भडकू शकतो. जेवून उठलं की खोरं हातात घेणारे आपण, त्यामुळं हे ध्यानात ठेवलेलं बरं.

हे वाचून चालू गोळी मनानं बंद करू नका. अल्सरवाल्यांना ती लागते. पण डॉक्टरांनी 15 दिवसांसाठी लिहिलेली चिठ्ठी दाखवून दोन-दोन वर्षं गोळ्या आणणारे आपल्याच गावात आहेत. त्यांनी डॉक्टरांना एकदा विचारावं, आणि विचारताना ॲलर्जीचंही सांगावं.

खाल्ल्यानंतर गांधींबरोबर घसा आवळला, दम लागला, सारख्या उलट्या झाल्या किंवा चक्कर आली, तर पित्ताची गोळी देऊन झोपवू नका. लगेच 108 ला फोन करा. माणसाला आडवं ठेवा. दम लागत असेल तर बसू द्या, पण उभं करून चालवू नका.

मेव्हण्यांची गोळी डॉक्टरांनी हळूहळू कमी करत बंद केली. मासे मात्र कायमचे सुटले. आता आम्ही गेलो की बहीण पिठलं टाकते.